लवटे सर तयार आहेत

जोतीराम लवटे यांना आयुष्यात कोणी कधी काही विचारलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. विचारलं होतं, पुष्कळदा विचारलं होतं. उत्तरासाठी मात्र कोणी थांबलं नव्हतं. लग्नाच्या वेळी मामांनी "मुलगी पसंत हाय न्हवं?" असं विचारलं, आणि जोतीराम पोह्यांतला शेंगदाणा गिळेपर्यंत सुपारी फुटली होती. कराडला एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते ग्रंथपाल झाले, तेव्हा पहिल्याच सभेत प्राचार्यांनी "स्नेहसंमेलनाचा मंडप लवटे सर बघतील ना?" असं विचारलं आणि टाळ्या झाल्या. ग्रंथपालाचा मंडपाशी संबंध काय, हा मुद्देसूद प्रश्न त्यांना सुचला. पण घरी आल्यावर, बूट काढताना.

लग्नाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मंगल चांगली निघाली. तक्रार पद्धतीबद्दल होती.

अशा माणसाच्या हातात पिस्तूल कसं आलं, याचं खापर ते मंगलवर फोडतात आणि मंगल पालच्या खंडोबावर फोडते. खंडोबाच्या यात्रेत मंगल बांगड्यांच्या दुकानात शिरली. तिथे शिरलेली बायको कधी बाहेर येईल हे खंडोबालाही सांगता येत नाही, म्हणून जोतीराम शेजारच्या फुग्यांच्या फळीपुढे उभे राहिले. आणि रिकामं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी छऱ्याची बंदूक हातात घेतली. फुग्यांची पहिली रांग फुटली. दुसरी फुटली. फळीवाल्याने त्यांना बंदूक बदलून दिली, म्हणजे वाकड्या नळीची दिली. तिसरी रांगही फुटली. मग तो हात जोडून म्हणाला, "सर, आमाला बी पोट हाय."

मागे सुभेदार मानसिंग निकम उभे होते. फौजेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ उधळलेल्या भंडाऱ्याने नखशिखांत पिवळा झाला होता. मिशी तेवढी कशी कोण जाणे पांढरी राहिली होती.

"सर, नजर हाय तुमची," सुभेदार म्हणाले. "पुस्तकांवर वेस्ट करताय."

आपल्याकडे काहीतरी आहे, असं जोतीरामांना पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. ते पुढच्याच रविवारी सुभेदारांच्या क्लबात हजर झाले.

क्लब पाटण रस्त्याला, बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये होता. कोंबड्या गेल्या होत्या, वास राहिला होता. टीव्हीवर दिसते ती नेमबाजी वेगळी. तिथे खेळाडू एक हात खिशात घालून, चौकातल्या पुतळ्यासारखा एका जागी उभा असतो. सुभेदारांचं प्रॅक्टिकल शूटिंग म्हणजे सगळा उलटा कारभार. कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढायचं, पत्र्यांच्या आडोशातून पळायचं, वाकायचं, खिडकीतून डोकवायचं आणि वाटेत उभे असलेले पुठ्ठ्याचे खाकी पुतळे टिपायचे. मध्येच पांढरे पुतळेही असतात. ते निरपराध लोक. त्यांना छर्रा लागला की गुण कापले जातात. नेम चांगला हवा आणि पंचांच्या हातातलं घड्याळ वाजल्यापासून वेळही कमी हवा. थोडक्यात, दूधवाला, गॅसवाला आणि नळाचं पाणी एकदम येतं तेव्हा मंगल रोज जे करते तेच. फक्त हातात पिस्तूल.

तेही खरं नव्हे. वजनाला खऱ्यासारखं, पण दाबलेल्या वायूवर चालणारं. त्यातून प्लास्टिकचा बारीक छर्रा सुटतो. नियम मात्र खऱ्याचे. नळी कायम निशाणांच्या दिशेला. मागे वळली की घरी. पिस्तूल हातातून पडलं की घरी. पळताना बोट चापावर दिसलं की घरी. 'घरी' म्हणजे स्पर्धेतून बाद, आणि तेही सगळ्यांदेखत.

"सुरुवातीला पंच विचारनार, आर यू रेडी?" सुभेदारांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. "तयार नसला तर बोलायचं, नॉट रेडी. मग पंच थांबनार. जनरल बघायला आला असला तरी थांबनार. आनि गप राहिला, तर तयार हाय असं धरायचं."

नियमाचा शेवटचा भाग जोतीरामांना ओळखीचा वाटला. तो बहुधा त्यांच्याच चरित्रावरून घेतला असावा. पहिला भाग मात्र नवीन होता. सुभेदारांनी विचारलं, "आर यू रेडी?" आणि ते खरोखरच थांबले. पत्र्यावर एक पारवा घुमत होता. शेड थांबली होती, सुभेदार थांबले होते, आणि ते सगळे जोतीराम लवटे काय म्हणतात यासाठी थांबले होते. जोतीराम अर्थातच काही बोलले नाहीत. पण त्या क्षणासाठी ते दर रविवारी जाऊ लागले. नेम हे निमित्त.

आता स्वतःचं पिस्तूल आलं. दुकानदार म्हणाला, याला परवाना लागत नाही. दुसरा कोणी एवढ्यावर घरी गेला असता. पण ग्रंथपालाचा तोंडी गोष्टींवर विश्वास नसतो. जोतीराम पिस्तूल पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेले आणि परवाना लागत नाही असं लेखी द्या म्हणाले.

"लागत न्हाई, तर आला कशाला?" हवालदारांनी विचारलं.

"लागत नाही असं लिहून घ्यायला."

"सायकलला परवाना लागत न्हाई असं लिहून घेतलंय का तुमी?"

ते जोतीरामांनी घेतलं नव्हतं, आणि आता त्यांना सायकलचीही काळजी वाटू लागली. एवढ्यात आतून साहेब आले. त्यांनी वस्तू बघायला मागितली. ती हातोहात सगळ्या ठाण्यात फिरली, प्रत्येकाने एक डोळा मिटून कॅलेंडरवर नेम धरून पाहिला आणि 'भारी हाय' असा तोंडी अभिप्राय दिला. लेखी काही मिळालं नाही. ते घरी पोहोचेपर्यंत कॉलनीत बातमी मात्र पोहोचली होती की लवटे सरांना पिस्तुलासकट पोलिसांनी बसवून ठेवलंय.

मग सल्ले सुरू झाले. एकाने पिस्तूल तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. चोर तिथे बघत नाहीत. दुसऱ्याने गच्चीवरच्या वानरांचा प्रश्न कायमचा सोडवायची सूचना केली. कोपऱ्यावरच्या तरुण मंडळाने वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा फोटो काढण्यापुरतं ते उसनं मागितलं आणि नकार मिळाल्यावर लवटे सरांना गर्व झाल्याचं जाहीर केलं. शेजारच्या हाजराबींनी मंगलला धीर दिला, की दारूपेक्षा बरं. निदान वास येत नाही.

जोतीराम घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करू लागले. सुभेदारांनी सांगितलं होतं, बोट चापापासून लांब, सरळ ठेवायची सवय हाडात मुरली पाहिजे. ती इतकी मुरली, की ते छत्री, भाजीची पिशवी, टीव्हीचा रिमोट, सगळं तर्जनी सरळ ठेवून धरू लागले. लायब्ररीत पुस्तक देताना त्याचा कोपरा आधी जमिनीकडे वळवू लागले. एकदा स्वयंपाकघराच्या दारात ते आडोशावरून तिरपे सरकत डोकावले, तेव्हा मंगल ताकाचं भांडं घेऊन बाहेर येत होती. ती निरपराध होती. ताक मात्र सगळं गेलं.

म्यानाचा प्रश्न हाजराबींच्या यजमानांनी सोडवला. चांदसाहेबांचं ट्रॅक्टर आणि जीपच्या सीट कव्हरांचं दुकान होतं. बाहेरून कशाला मागवता, म्हणत त्यांनी मापं घेतली आणि मरून रंगाच्या रेक्झिनचं, आत स्पंज, कडेला पांढरी पट्टी असं म्यान शिवून दिलं. खाली गोंडा होता. गोंड्याशिवाय आपलं काम ओळखू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवण इतकी घट्ट होती की पिस्तूल आत बसलं की पाहुण्यासारखं बसे, निघायचं नाव घेत नसे. वापराने सैल होईल, असं चांदसाहेब म्हणाले. सीटं होतात.

साताऱ्याच्या पहिल्या स्पर्धेपर्यंत ते सैल झालं नव्हतं. पंचांनी विचारलं, जोतीराम गप्प राहिले, घड्याळ वाजलं. त्यांनी जोर लावून पिस्तूल ओढलं. पिस्तूल आलं, पिस्तुलाबरोबर म्यान आलं, म्यानाबरोबर पट्टा आला, आणि पट्ट्याच्या आधारावर जी गोष्ट इतकी वर्षं उभी होती ती खाली निघाली. शूर माणसाने अशा वेळी काय केलं असतं सांगता येत नाही. जोतीराम मध्यमवर्गीय होते. त्यांनी पँट धरली. पिस्तूल पडलं.

घरी.

दुसरी स्पर्धा कराडातच होती आणि तिला कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे होते. यावेळी म्यान बाजारचं होतं. जोतीराम झकास सुटले, दोन पुतळे टिपले, तिसऱ्याकडे वळले, आणि मागून अध्यक्षांचा कौतुकाचा आवाज आला, "काय लवटे सर!" अध्यक्षांनी हाक मारल्यावर पाठ करून उभं राहण्याची कॉलेजात प्रथा नाही. जोतीराम गर्रकन वळले आणि त्यांनी अदबीने, वाकून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला. पिस्तूल दोन हातांच्या मध्ये होतं.

प्रेक्षक एका क्षणात भुईसपाट झाले. अध्यक्ष सत्काराच्या टेबलाखाली गेले; हार गळ्यात असल्यामुळे ते दृश्य जरा जास्तच गंभीर दिसलं. सुभेदारांची "स्टॉप!" ही आरोळी म्हणे कोयनेच्या पुलापर्यंत गेली.

घरी.

सोमवारी अध्यक्षांनी प्राचार्यांकडे एवढीच चौकशी केली, की लवटे परमनंट आहेत का.

त्या संध्याकाळी मंगलने चहाचा कप समोर ठेवला आणि स्वतः पण समोर बसली. "हे बघा, तुमच्या छंदाला माझं काय म्हणणं न्हाई. पर दोनदा हाकलून दिलंय. कॉलनीत मला तोंड दाखवायची चोरी झालीय. आता दसऱ्यानंतर सांगलीला हाय न्हवं तुमचं? तिथनं सरळ माणसासारखं शेवटपर्यंत खेळून या. नंबर नको मला. पर तिसऱ्यांदा हाकललं, तर ते पिस्तूल माळ्यावर, आनि रविवारी गुमान घरी. चालंल?"

जोतीराम गप्प राहिले. म्हणजे ठरलं.

मंगलला वाटलं, माळ्यावर एक पिस्तूल जाईल. जोतीरामांना माहीत होतं, काय जाईल ते. आठवड्यातून एकदा का होईना, एक माणूस त्यांना प्रश्न विचारून थांबत होता. ते जाणार होतं. त्यांनी सगळा पावसाळा शेडमध्ये काढला. छप्पर गळत होतं, सुभेदार मागून एकेक नातेवाईक असल्यासारखे हाका मारत होते, 'दाजी!', 'आवं मास्तर!', 'अध्यक्ष आलेत!', आणि जोतीराम वळायचं नाही ते शिकत होते. शिकले. भाद्रपदात सुभेदार मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आता बिनघोर जावा सांगलीला. तुमच्यात आता एकच कमी राहिली. तोंड उघडत न्हाई तुमी."

दसऱ्यासाठी आई आली. दगडाबाईंचं सगळं आयुष्य आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागे गेलं होतं. आता मेंढरं जाऊन डाळिंबं आली होती, पण बिरोबा होता तिथेच होता आणि कमरेची भंडाऱ्याची पिशवीही. त्यांनी पिस्तूल उलटंपालटं करून पाहिलं.

"लांडग्याला लागतंय का?"

"नाही गं आई. प्लास्टिकचा छर्रा आहे."

"मग कुनाला लागतंय?"

"पुठ्ठ्याला."

दगडाबाईंनी जरा विचार केला. "पुठ्ठ्यानं काय केलंय?"

याचं उत्तर सुभेदारांनीही कधी दिलं नव्हतं. पण हत्यार ते हत्यार. खंडेनवमीला पाटावर लोकर कातरायची कातर, कोयता, मंगलचा मिक्सर आणि पिस्तूल अशी पूजा मांडली गेली आणि दगडाबाईंनी बिरोबाच्या नावाने सगळ्यांवर सढळ हाताने भंडारा टाकला. जोतीराम दुसऱ्या दिवशी दुपारभर बसून पिस्तूल पुसत होते. आई दारातून बघत होती.

"सगळा पुसलास व्हय?"

"सगळा."

"बरं," दगडाबाई म्हणाल्या. त्यांचं 'बरं' ज्यांना माहीत आहे, ते त्यानंतर सावध राहतात. जोतीरामांना ते लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी ते राहिले नाहीत.

सांगलीला चांदसाहेबांच्या जीपमधून सगळेच गेले. मंगल निकाल बघायला, चांदसाहेब म्यानाचा अपमान धुऊन निघतो का ते बघायला, आणि दगडाबाई पुठ्ठ्याने काय केलंय ते बघायला. मैदानात स्पर्धेआधी खेळाडू मार्ग पाठ करत होते. म्हणजे पन्नाशीतली, पोट सुटलेली माणसं बोटांचं पिस्तूल करून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत, मोकळ्या मैदानात वाकत आणि वळत होती. "अंगात आलंय का ह्यास्नी?" दगडाबाईंनी विचारलं. प्रेक्षकांत पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष होते, इथेही पाहुणे म्हणून. त्यांनी नियमाप्रमाणे डोळ्यांना गॉगल लावला होता आणि स्वतःच्या समजुतीप्रमाणे डोक्यावर हेल्मेट घातलं होतं.

स्पर्धेच्या दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पंचांनी विचारलं, जोतीराम गप्प राहिले, घड्याळ वाजलं. त्यांनी पिस्तूल काढलं, समोरच्या पुठ्ठ्याच्या छातीवर नेम धरला आणि चाप ओढला.

पिस्तुलातून पिवळा ढग निघाला.

तो सावकाश पसरला, पंचांच्या पांढऱ्या टोपीवर बसला आणि मैदानभर हळदीचा वास सुटला. क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग प्रेक्षकांतून कोणीतरी सवयीने म्हणालं, "बिरोबाच्या नावानं..." आणि सगळ्या मैदानाने "चांगभलं" म्हटलं. जोतीराम पळत राहिले. प्रत्येक बाराला थोडा भंडारा, मागून थोडा छर्रा. मागून हेल्मेटमधला आवाज आला, "काय लवटे सर!" जोतीराम वळले नाहीत. सुभेदारांनी डोळे मिटून घेतले होते. ते त्यांनी उघडले.

फेरी संपली. पिस्तूल रिकामं करून, म्यानात घालून ते तडक आईकडे गेले.

"आई, आत काय घातलंस?"

"भंडारा. वरला तू पुसलास. आतला कसा पुसशील, म्हनून आत घातला."

"कधी?"

"सकाळी, तू नाष्टा करत हुतास तवा. भोकात, आनि त्या दांड्यात बी. उगं तोंड वाकडं करू नगंस, आरेवाडीच्या बिरोबाचा हाय."

दांडा म्हणजे मूठ. आणि मुठीतच छऱ्यांचा खाना आणि सुटणारा वायू. जोतीरामांनी सुभेदारांच्या देखरेखीत जमेल तेवढं झटकलं, फुंकलं. पण वायूच्या गारव्याला पाणी सुटतं, आणि पाणी व भंडारा यांचं काय होतं हे हळदीच्या सांगलीत कोणाला सांगायला नको.

दुसऱ्या फेरीच्या रेषेवर पंचांनी पिस्तूल भरायला सांगितलं. जोतीरामांनी खाना आत सारला. वरचा खटका निम्म्यात अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. बोटं पिवळी झाली. असं पिस्तूल घेऊन पळायचं म्हणजे वाटेत ते हिसडावं लागणार, हिसडताना नळी कुठेतरी वळणार, नाहीतर ओल्या हातातून ते सुटणार. म्हणजे घरी. म्हणजे माळा.

पिवळ्या टोपीचे पंच मागून म्हणाले, "आर यू रेडी?"

आणि थांबले.

जोतीरामांच्या घशाशी काहीतरी आलं. ते मामांच्या पोह्यांतल्या शेंगदाण्याइतकंच होतं. मंगलने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. पंचांनी घड्याळ वर उचललं; एका गप्प माणसासाठी जेवढं थांबायचं तेवढं ते थांबले होते. ग्रंथपालाची शुद्ध मराठी ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे. आवाज निघाला तो माळावरचाच.

"न्हाय," जोतीराम म्हणाले. मग जरा मोठ्याने, "तयार न्हाय मी."

पंचांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी घड्याळ खाली केलं आणि दोन पावलं मागे सरकून शांतपणे म्हणाले, "ओके सर. टेक युअर टाइम."

सगळे थांबले. पंच थांबले, गुण लिहिणारे थांबले, पुढचे खेळाडू थांबले, अध्यक्षही हेल्मेटसकट थांबले. जोतीराम नळी समोर ठेवून, बोट सरळ ठेवून, खाना काढून खटका साफ करू लागले. रुमाल पुरेना. मंगलने केसातली पिन काढून सुभेदारांच्या हाती दिली, सुभेदारांनी ती पंचांना दाखवली. पंच विचारात पडले, तेव्हा चांदसाहेबांनी लांबूनच सांगितलं, की पिनेला परवाना लागत नाही. पिन पोहोचली. खटक्यातून हळदीचा लगदा निघाला. खटका ठक्कन बसला.

पंचांनी पुन्हा विचारलं, "आर यू रेडी?"

जोतीराम गप्प राहिले. पण यावेळचं गप्प राहणं त्यांचं स्वतःचं होतं.

निकालात त्यांचं नाव खालून वाचलं तर लवकर सापडत होतं. गुण कापले गेले होते, कारण एका निरपराध पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खांद्यावर छर्रा लागला होता. त्याबद्दल दगडाबाईंचं समाधान झालेलं नव्हतं. ज्याने काही केलं नाही त्याला लागलं आणि खाकी तसाच उभा, हा काय न्याय, असं त्या तासगावपर्यंत विचारत होत्या. पण जोतीरामांना कोणी हाकललं नव्हतं. मंगल पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाली, "रविवारी शेडला जाताना पिन माघारी आना माझी," आणि पुन्हा पुढे बघू लागली. माळ्याचा विषय कोणी काढला नाही.

सोमवारी कॉलेजात सभा होती. तपासणी समिती येणार होती, आणि त्यासाठी मागच्या पाच वर्षांच्या सगळ्या विभागांच्या फायली कोणीतरी नव्याने लावायच्या होत्या. प्राचार्य कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "त्यासाठी लवटे सर आहेतच. तयार आहात ना, सर?" आणि त्यांनी पान उलटलं. काही हात टाळ्यांसाठी उचललेही गेले.

"नाही," लवटे सर म्हणाले. "तयार नाही, सर."

प्राचार्यांचं पान मधल्या मध्ये उभं राहिलं. त्यांना सुभेदारांचा नियम माहीत असायचं कारण नव्हतं, पण तो त्यांनी बिनचूक पाळला. ते थांबले. बराच वेळ थांबले. लवटे सरांनी तर्जनी सरळ ठेवून चहाचा कप उचलला.

मग प्राचार्यांची नजर हळूहळू शेजारच्या खुर्चीकडे सरकली. तिथे गणिताचे पृथ्वीराज सर नुकतंच एक अख्खं बिस्कीट तोंडात टाकून बसले होते.

"पृथ्वीराज सर, तुम्ही बघाल ना?"

पृथ्वीराज सर काही बोलले नाहीत.

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात लवटे सरांनी वाजवल्या.